पहिलं वासरू गेलं तेव्हा

वासरू गेलं म्हणून रडू आलं, यात लाजायचं काही नाही. इतकी वर्षं गुरं पाळतोय, तरी त्या दिवशी मलाही घास उतरत नाही.

पण आधी गाईकडे बघ. मेलेलं वासरू लगेच ओढून नेऊ नकोस, तिला हुंगू दे, चाटू दे. तरी दोन-तीन दिवस ती हंबरेल. ऐकवत नाही ते, पण त्या दिवसांत धार चुकवू नकोस. कास तटली की दगडी (कासेला सूज येण्याचा आजार) व्हायला वेळ लागत नाही. पहिला चीक स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजरमध्ये ठेव, पुढच्या एखाद्या पोरक्या वासराच्या कामी येईल.

मग डॉक्टरांना शवविच्छेदनाचं विचार. ‘माझंच चुकलं’ असं घोळवत बसण्यापेक्षा कारण कळलेलं बरं. कधी खरंच आपलं चुकलेलं असतं म्हणा. माझं एक वासरू हगवणीने गेलं. डोळे खोल गेलेले दिसत होते, अंगातलं पाणी संपत होतं, आणि मी सकाळची वाट बघत बसलो. आता पातळ शेण दिसलं की रात्र असो की पहाट, इलेक्ट्रोलाइट पाजतो आणि डॉक्टरांना फोन लावतो.

नाव ठेवलं की जीव जडतो म्हणतात. मला नाही पटत. बिननावाची कालवड गेली तेव्हाही तेवढंच तुटलं. मात्र कोणतं जनावर विकायचं ते लवकर ठरव आणि घरातल्या मुलांना तेव्हाच सांग. मी ऐनवेळी सांगितलं, तर लेकीने आठवडाभर अबोला धरला होता.