‘अंगात येतं’ हे केसपेपरवर कसं लिहायचं?

प्रश्न : मी बेळगावात मानसोपचाराच्या एमडी विद्यार्थ्यांना शिकवतो. धर्म-संस्कृतीवर वर्षाकाठी एक व्याख्यान होतं. व्याख्या पाठ होतात, पण खानापूर-निपाणीकडचा पेशंट समोर आला की मुलं गोंधळतात. काय करावं?

उत्तर : ते व्याख्यान बंद करा आणि तो तास ओपीडीत न्या. सुरुवात शब्दांपासून. ‘अंगात येतं’ म्हणणारी बाई बहुधा देवीबद्दल बोलते; ‘बाहेरची बाधा’ म्हणणारी भ्यालेली असते. कन्नडमध्येही ‘मैमेले बरोदु’ (अंगात येणं) वेगळं, ‘देव्व हिडियोदु’ (भुतानं धरणं) वेगळं. विद्यार्थी दोन्हींना ‘पझेशन’ (झपाटणं) लिहून मोकळा होतो. पेशंटचं वाक्य जसंच्या तसं अवतरणात लिहायची सक्ती करा.

मग पुढचे प्रश्न. सौंदत्तीच्या यात्रेत, आरतीच्या वेळी येतं, की चुलीपाशी एकटी असतानाही? थांबवता येतं का? नंतर आठवतं का? आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) समाजमान्य धार्मिक विधीतल्या अशा अवस्थेला आजार धरत नाही. नको असताना येणारी, त्रास देणारी, कामधाम बिघडवणारी असेल तरच धरते. जीभ चावली, लघवी झाली, नंतर बराच वेळ भान नव्हतं, तर आधी फिट्सचा विचार.

डीएसएम-५ या अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत (२०१३) संस्कृतीविषयक १६ प्रश्नांची मुलाखत आहे. ती ओळीने वाचून दाखवली की पोलिसी चौकशी वाटते. आधी दोनच प्रश्न तोंडात बसवा : ‘या त्रासाला तुम्ही काय म्हणता?’ आणि ‘आमच्याआधी कुणाला दाखवलं?’ दुसरा प्रश्न सासूसमोर विचारला तर उत्तर सासूच देते; म्हणून पाच मिनिटं पेशंटला एकटं भेटायचं. देवऋषाचं नाव निघालं की विद्यार्थ्याचा चेहरा बदलता कामा नये. पेशंट तेवढं बरोबर टिपतो आणि पुढचं सांगत नाही.

उलटी चूकही होते : सगळंच ‘श्रद्धा’ म्हणून सोडून देणं. झोप, जेवण, कामधंदा ढासळत असेल आणि त्याच्याच भजनी मंडळातले लोकही ‘हे काही ठीक नाही’ म्हणत असतील, तर सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) शोधा.

उपवासही हिस्टरीत घ्यायला शिकवा. लिथियम (मूडच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) घेणाऱ्यानं निर्जळी उपास किंवा रोजा धरला की शरीरातलं पाणी घटतं आणि रक्तातलं लिथियम वाढतं. हात जोरात कापणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं ही त्याची लक्षणं. तेव्हा नवरात्र आणि रमजानच्या आधीच्या भेटीतच विचारायचं : पाणी पिणार का, आणि गोळी किती वाजता घेणार?