अडाणी म्हणून विसरते?

प्रश्न : माझी आई ७२ वर्षांची आहे. शाळेत कधीच गेली नाही. लालबागच्या चाळीत ती गिरणी कामगारांची खाणावळ चालवायची. ८२च्या संपात वडिलांची नोकरी गेली, खाणावळही बसली. मग तिने पापड लाटले, धुणीभांडी केली. चार वर्षांपूर्वी खोली विकून ती माझ्याकडे बदलापूरला आली. वर्षभरापासून आमटीत दोनदा मीठ पडतं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते, परवा भाजी आणताना भलत्याच इमारतीत शिरली. हाक मारली तर ऐकू जात नाही. डॉक्टरांनी चाचणी घेऊन ३०पैकी १७ गुण दिले. भाऊ म्हणतो, अडाणी बाईला शंभरातून सात वजा करायला सांगितलं तर दुसरं काय होणार? विसरणारच ती. आयुष्यभराच्या गरिबीने तिचा मेंदू झिजला का?
– एक वाचक, बदलापूर

उत्तर : तुमच्या भावाचं अर्धं बरोबर आहे. ही चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली आणि तिच्यात शाळा ठासून भरली आहे. सात-सात वजा करा, वाक्य वाचा, वाक्य लिहा, पंचकोन काढा. कधी पेन्सिल न धरलेल्या बाईचे गुण तिथेच जातात. १९९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडला अभ्यास करणाऱ्यांपुढे हाच पेच होता. त्यांनी वाचनाच्या जागी ‘मी करतो तसं करा’ आणि लेखनाच्या जागी ‘तुमच्या घराबद्दल काही सांगा’ असं घातलं. तेव्हा निरक्षरांसाठी बेतलेली चाचणी पुन्हा करून मागा. १७ हा आकडा तूर्त बाजूला ठेवा.

उरलेल्या अर्ध्यावरून मात्र माझं भावाशी भांडण आहे. परळला शिकत असताना मी खाणावळवाल्या बायका पाहिल्या आहेत. कोण कुठल्या पाळीला, कोणाचा खाडा, कोणाचा गुरुवार, कोणाचे पैसे थकलेत, सगळं तोंडपाठ. असा हिशेब ठेवणारी बाई मीठ दोनदा घालते, ते अडाणीपण नव्हे. शाळा तर जन्मभर नव्हती. विसरणं वर्षभरातलं आहे. तिची तुलना शेजारच्या निवृत्त मास्तरांशी नको, तिच्याच पाच वर्षांपूर्वीच्या रूपाशी करा. (सगळ्या इमारती सारख्या दिसणाऱ्या वसाहतीत मीही चुकले आहे, त्यामुळे त्या एका प्रसंगावरून मी काही ठरवणार नाही. पण मीठ आणि तेच ते प्रश्न जोडीला आहेत.)

उलटंही पाहते. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ २८ गुण घेतात आणि मागे उभी असलेली बायको नकारार्थी मान हलवत असते. शिक्षणाने आजार बराच काळ झाकला जातो. दिसू लागतो तेव्हा मात्र उतार भराभर होतो.

आता गरिबी. संबंध आहे, खोटं सांगणार नाही. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. बायकांत, खेड्यांत आणि कमी शिकलेल्यांत प्रमाण जास्त. इंग्लंडमधल्या एका मोठ्या पाहणीत तर शिक्षणापेक्षा उतारवयातली पैशाची स्थिती अधिक निर्णायक दिसली. पण गरिबी मेंदूत थेट शिरत नाही. न तपासलेला रक्तदाब, न सांभाळलेली साखर, धूर, बहिरेपण, मोतीबिंदू, न बोललेलं दुःख, तुटलेली माणसं या वाटांनी ती येते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली, त्यांत यातली बहुतेक आहेत. चाळ सुटली तेव्हा तुमच्या आईच्या दिवसभराच्या गप्पा सुटल्या, हेही मी त्यातच धरते.

तिच्या बाजूनेही काही आहे. हैदराबादच्या २०१३च्या अभ्यासात एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्या रुग्णांत डिमेन्शिया सुमारे साडेचार वर्षं उशिरा आला होता, आणि शाळेचं तोंडही न पाहिलेल्यांतसुद्धा हा फरक होता. दाणेवाल्याशी गुजरातीत आणि भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करणं फुकट जात नाही.

स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसण्याआधी बी-१२, थायरॉइड आणि नैराश्य तपासून घ्या. यांतलं काही निघालं तर उपचार आहेत. मेंदूचा स्कॅन लागेल का, ते डॉक्टर ठरवतील. कान तर लगेच तपासा. न ऐकलेलं आठवणार कसं? शिवाय अमेरिकेतल्या २०२३च्या प्रयोगात, आधीच जास्त धोका असलेल्या वृद्धांना श्रवणयंत्रं दिली तेव्हा तीन वर्षांत त्यांची बौद्धिक घसरण जवळपास निम्म्याने कमी झाली. सरसकट सगळ्यांत मात्र तसा फायदा दिसला नाही.

खर्चाचं म्हणाल तर सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर कामाला येतं, श्रवणयंत्राला नाही. कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेची चौकशी करा. तिथे एकदाच ३००० रुपये मिळतात. तेवढ्यात बरं यंत्र येत नाही, पण चष्मा येतो.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या, झोपेच्या आणि दुकानातून आणलेल्या सर्दीच्यासुद्धा. काही गोळ्यांनीच विसरायला होतं. भाऊ बरोबर येत असेल तर येऊ दे. पण आत जाऊन सांगायचं तुम्हीच, ती राहते तुमच्याकडे.