अमायलेज नॉर्मल, पण कळ थांबेना

प्रश्न : बाबांच्या बेंबीच्या वर पाच दिवस कळ आहे, पाठीत जाते. पुढे वाकून बसले की जरा बरं वाटतं. आज रक्तातलं अमायलेज (स्वादुपिंडाचं पाचक द्रव्य) नॉर्मल आलं. मग स्वादुपिंडाची सूज नाही ना? (देवगड)

उत्तर : असं म्हणता येत नाही. अमायलेज तीन ते पाच दिवसांत उतरतं. लायपेज (स्वादुपिंडाचंच दुसरं पाचक द्रव्य) आठवडाभर तरी चढं राहतं, ते करा. सीरम (रक्त गोठल्यावर उरणारं पाणी) दुधाळ दिसलं तर ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) मोजा. ते ५०० mg/dLच्या वर असेल तर अमायलेजचा आकडा फसवतो, खोटा नॉर्मल येतो. दारूची जुनी सवय असेल तर स्वादुपिंडच थकलेलं, अमायलेज आणि लायपेज दोन्ही चढतीलच असं नाही. ठरावीक कळ आणि स्कॅनवर सूज, एवढ्यावर निदान होतं. सोनोग्राफीत पित्ताचे खडे असले तर दिसतील, स्वादुपिंड मात्र गॅसखाली झाकतं. म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) पाहून कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन काढलेला स्कॅन). त्याआधी ईसीजी, हृदयाची कळही तिथेच येते. सोलकढीवर भागवू नका, आजच दाखवा. उलट्या किंवा धाप असेल तर थेट सीटीची सोय असलेल्या रुग्णालयात.