कृष्णकमळ : वेल माजली, फुलं कुठे?

प्रश्न : गच्चीवरच्या कुंडीत दोन वर्षांपूर्वी निळं कृष्णकमळ लावलं. वेल ग्रिलभर पसरली, पण फूल एकही नाही. दर पंधरा दिवसांनी शेणखत आणि चमचाभर युरिया घालते.

उत्तर : युरिया आजच बंद करा. नत्र जास्त झालं की वेल पानांतच रमते. शेणखतही दोन महिन्यांतून एकदा, ओंजळभर पुरे. फुलं नव्या फुटव्यांवर येतात, म्हणून थंडी सरताच जुन्या, गुंतलेल्या फांद्या निम्म्याने छाटा. रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. ग्रिलवर सावली येत असेल तर आधी कुंडी हलवा.

प्रश्न : काटेरी, तांबूस अळ्यांनी सगळी पानं फस्त केली. कोणतं औषध फवारू?

उत्तर : कोणतंच नको, ही माझी कळकळीची विनंती. त्या बहुधा टॉनी कोस्टर या नारिंगी फुलपाखराच्या अळ्या आहेत. कृष्णकमळाच्या कुळातली पानं हे त्यांचं आवडतं खाद्य. मुळं धरलेली जुनी वेल पानं गेली तरी पुन्हा फुटते. रोप लहान असेल तर अळ्या काडीने उचलून मोठ्या वेलीवर सोडा. ते काटे विषारी नसतात.

प्रश्न : कृष्णकमळाच्याच कुळातल्या पिवळ्या पॅशनफ्रूटला फुलं भरपूर, फळ एकही धरत नाही. शेजाऱ्यांच्या वेलीचीही तीच गत. माझी वेल त्यांच्याच फांदीपासून केली आहे.

उत्तर : कारण तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. पिवळ्या जातीला स्वतःचे पराग सहसा चालत नाहीत आणि फांदीपासून केलेली वेल म्हणजे तीच वेल. दोन घरी असली तरी एकच! बियांपासून वाढवलेलं वेगळं रोप जवळ लावा. हे फूल दुपारी उमलतं. त्या वेळी काळा भुंगा येत नसेल तर मऊ ब्रशने एका वेलीचे पराग दुसरीच्या फुलातल्या तिन्ही कुक्षींवर, म्हणजे पराग धरणाऱ्या टोकांवर, लावा. जांभळ्या जातीला ही अडचण नसते. फळ पिकून आपोआप गळलं की उचला, हिरवं तोडू नका.

प्रश्न : फांदी कधी लावावी?

उत्तर : पावसाळ्यात. तीन-चार पेरांची, ना कोवळी ना जून. खालची पानं काढून दोन पेरं वाळूमिश्रित मातीत पुरा, सावलीत ठेवा. नवी पालवी आली तरी आठवडाभर ओढून पाहू नका, मुळं नाजूक असतात.