पडदा हलवतं कोण?

प्रश्न : माझी मुलगी शिकायला नॉर्वेत ट्रॉम्सोला असते. तिने ध्रुवीय प्रकाशाचा व्हिडिओ पाठवला. हिरवा पडदा वाऱ्यावर फडफडावा तसा हलतोय. एवढ्या उंचावर वारा असतो का? आणि वरचा लाल भाग जागचा हलत का नाही?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : लाल रंगाचं तुम्ही बरोबर हेरलंत. मी चुंबकमापकाची देखभाल करायला अंटार्क्टिकावर भारताच्या ‘मैत्री’ या तळावर एक हिवाळा काढला, पण ते माझ्या लक्षात यायला जून उजाडला. (उजाडला तो कॅलेंडरात. बाहेर सूर्य नव्हताच.)

पडदा वाऱ्याने हलत नाही. गणपतीच्या मांडवातली पळती रोषणाई आठवा. दिवे जागच्या जागी असतात, पेटण्याची पाळी तेवढी पुढे सरकते. इथले दिवे म्हणजे शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरचे ऑक्सिजनचे अणू. सौरवारा, म्हणजे सूर्याकडून सतत येणारा विद्युतभारित कणांचा झोत, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र रात्रीच्या बाजूला शेपटीसारखं ताणतो. ताण फार झाला की शेपटीतल्या क्षेत्ररेषा तुटून नव्याने जुळतात आणि इलेक्ट्रॉनांचे लोट ध्रुवांकडे सुटतात. ते कुठे आदळतील ती जागा क्षणाक्षणाला बदलते.

आता लाल. धक्का बसलेला अणू हिरवा प्रकाश साधारण पाऊण सेकंदात सोडतो, लाल सोडायला मात्र जवळजवळ दोन मिनिटं घेतो. तेवढ्यात शेजाऱ्याशी टक्कर झाली, तर ती ऊर्जा टकरीतच जाते आणि प्रकाश निघतच नाही. म्हणून लाल दिसतो तो दोनशे किलोमीटरच्या वर, विरळ हवेत. इलेक्ट्रॉनांचा झोत केव्हाच पुढे गेलेला असतो, हा आपला मागे रेंगाळत, कडा पुसट करून बसलेला.

चुंबकमापकाच्या खोपटात जाताना घड्याळ, पट्टा, चाव्या सगळं बाहेर ठेवावं लागे. शांत रात्री चुंबकीय क्षेत्राच्या नोंदीची रेघ सपाट असायची. एकदा मुख्य इमारतीत चहा गाळत होतो, तर संगणकाच्या पडद्यावर रेघ घसरू लागली. काही मिनिटांत काहीशे नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) खाली! चहा तसाच टाकून, जाड कोट चढवून बाहेर धावलो, तर हिमवादळ. हातभर पुढचं दिसेना. रेघ घसरली म्हणजे डोक्यावर ध्रुवीय प्रकाशासोबतचा प्रचंड विद्युतप्रवाह वाहत होता आणि मला त्यातली फक्त रेघ मिळाली. अजून चुटपुट लागते.

तुमच्या वाऱ्याचं म्हणाल, तर तो वर असतो, पण गोष्ट उलटी आहे. अशा रात्री विद्युतभारित कण भोवतालच्या हवेला ओढत नेतात आणि सेकंदाला काहीशे मीटर वेगाचे वारे सुटतात. हवा तापते, फुगते आणि खालच्या कक्षेतल्या उपग्रहांना जास्त घर्षण सोसावं लागतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले ४९ पैकी ३८ उपग्रह याच पायी गेले. ते चुंबकीय वादळ तसं मामुलीच होतं.

मुलीला सांगा, हिरवा नाच संपला की लगेच आत जाऊ नकोस. दोन मिनिटं कॅमेरा तसाच वर रोखून ठेव.