उद्योग-सल्ला : आधी गिऱ्हाईक, मग नोंदणी

प्रश्न : घरगुती उपकरणांची देखभाल वार्षिक वर्गणीवर करून देण्याची कल्पना बरेच दिवस माझ्या डोक्यात घोळते आहे. फ्रिज, वॉशिंग मशीन यांसारख्या वस्तूंची वर्षातून दोनदा तपासणी करायची आणि बिघाड झाल्यास विश्वासू तंत्रज्ञ पाठवायचा, असे तिचे स्वरूप आहे. मित्रांना व नातेवाइकांना ती पसंत पडली असून एक मित्र भागीदार व्हायलाही तयार आहे. आधी कंपनी नोंदवावी, अ‍ॅप करून घ्यावे, की कर्जासाठी अर्ज करावा? नोकरी सोडावी का? कल्पना कोणी चोरेल या भीतीने मी बाहेर फारसे बोललेलो नाही.

उत्तर : नोंदणी, अ‍ॅप आणि कर्ज यांपैकी एकही पहिली पायरी नव्हे. अनोळखी माणूस या सेवेसाठी पदरचे पैसे मोजेल का, हे आपल्याला अजून ठाऊक नाही आणि ते कळेपर्यंत केलेला कोणताही मोठा खर्च अंदाजपंचेच ठरेल. आप्तांच्या पसंतीवर फार विसंबू नये. ‘छान आहे’ म्हणायला त्यांना काही पडत नाही.

तेव्हा ओळखीबाहेरच्या पंधरा-वीस कुटुंबांशी बोलावे, पण ‘अशी सेवा घ्याल का?’ असे विचारू नये, कारण समोरचा भिडेखातर होच म्हणतो. त्याऐवजी मागच्या वेळी कोणते उपकरण बिघडले, कोणाला बोलावले, तो किती दिवसांनी आला, खर्च किती आला आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून पुढे काय केले, हे विचारावे. आपल्या कल्पनेचा खरा कस या शेवटच्या प्रश्नाला लागतो, कारण आपण वर्गणी मागणार बिघाडाच्या आधी, आणि लोकांची धावपळ सुरू होते ती बिघाड झाल्यावर. वॉरंटी संपताना ज्याने देखभालीचा करार स्वतःहून वाढवून घेतला, तो आपला गिऱ्हाईक. ‘बिघडेल तेव्हा पाहू’ म्हणणारेच अधिक निघाले, तर वर्गणी सोडून प्रत्येक भेटीमागे शुल्क आकारण्याचा विचार करावा लागेल.

त्यानंतर सेवा अगदी लहान प्रमाणावर, हातानेच चालवून पाहावी. ऑनलाइन पादत्राणे विकणाऱ्या झॅपोसची सुरुवात 1999 मध्ये अशीच झाली : संस्थापक निक स्विनमर्न यांनी दुकानांतील जोड्यांची छायाचित्रे संकेतस्थळावर टाकली आणि मागणी आली की दुकानातून तो जोड विकत घेऊन ग्राहकाला पाठवला. त्या व्यवहारात नफा नव्हता, पण लोक पायात घालून न पाहताही जोडे मागवतात, हे माल भरून ठेवण्याआधीच समजले. आपल्यालाही एक वही, एक फोन आणि दोन भरवशाचे तंत्रज्ञ एवढ्यावर पहिले काही महिने काढता येतील. वर्गणी मात्र पहिल्या दिवसापासून घ्यावी. फुकट दिलेल्या सेवेवरून मागणीचा अंदाज येत नाही.

हिशेब याच काळात मांडावा. समजा, वर्गणी 100 आहे आणि तंत्रज्ञाच्या प्रत्येक भेटीला 25 द्यावे लागतात. दोन तपासण्या आणि बिघाडाची एक भेट धरल्यास 25 उरतात. म्हणजे वर्षाचा स्थिर खर्च (वर्गणीदार कितीही असले तरी होणारा) 5,000 असेल, तर तो भरून निघायला 200 वर्गणीदार हवेत. बिघाडाच्या भेटी सरासरी दोन झाल्या, तर हाती शून्य उरते आणि वर्गणीदार कितीही वाढवले तरी धंदा सावरत नाही. ही शक्यता दूरची नाही, कारण वर्गणी भरायला सर्वांत उत्सुक असतात ते जुनी, कुरकुरणारी यंत्रे बाळगणारे. म्हणून उपकरणाच्या वयाची अट घालावी आणि सुट्या भागांची किंमत वेगळी घ्यावी. शिवाय वर्गणी आगाऊ येते आणि खर्च वर्षभर होत राहतो, त्यामुळे पहिल्या महिन्यात खात्यावर दिसणारी रक्कम नफा समजून खर्च करू नये. अनेक नव्या धंद्यांची नड इथेच होते.

चोरीची भीती आपण वाजवीपेक्षा जास्त बाळगली आहे. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही आणि आपल्या योजनेत पेटंट घेण्याजोगा शोधही नाही. (तसा शोध असता, तर अर्ज करण्यापूर्वी गुप्तता पाळा, असेच सांगितले असते, आधी जाहीर झालेल्या शोधाला अनेक देशांत पेटंट नाकारले जाते.) जपण्याजोगे आहे ते सेवेचे नाव, ते पुढे ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येईल.

भागीदाराशी मात्र आताच लेखी बोलणी करावीत : भांडवल कोणाचे किती, वेळ कोण किती देणार आणि एकजण मध्येच बाहेर पडला तर त्याच्या हिश्श्याचे काय. तोंडी ठरलेली निम्मी-निम्मी भागीदारी एकाने नोकरी सोडली आणि दुसऱ्याने सोडली नाही की कुरबुरीचे कारण होते.

नोकरी तूर्त सोडू नये; फक्त नोकरीच्या करारात जोडधंद्याला मनाई नाही ना, ते पाहावे. पैसे घेऊन सेवा देण्यापूर्वी परवाना किंवा करनोंदणी लागते का, हे स्थानिक नियमांप्रमाणे एखाद्या लेखापालाला विचारून घ्यावे. कंपनीची नोंदणी आणि अ‍ॅप यांचा विचार वहीत नोंदी ठेवणे आवरेनासे झाल्यावर करावा, आणि कर्जाचा पहिल्या वर्गणीदारांनी दुसऱ्या वर्षाची वर्गणी भरल्यावर.