घट, खापर आणि 'कॅन्सल'

एका भाषांतरकार वाचकाने विचारले आहे की, आक्षेपार्ह बोलल्या-वागल्याबद्दल एखाद्याशी सर्वांनी मिळून जाहीरपणे संबंध तोडण्याला इंग्रजीत 'कॅन्सल कल्चर' म्हणतात; त्यासाठी कोणी 'रद्द संस्कृती' लिहितो, कोणी 'बहिष्कार संस्कृती', तर यातले बरोबर कोणते. आणि समाजमाध्यमांवरचा निषेध कोणत्या टप्प्यावर मर्यादा ओलांडतो, हे दाखवणारा शब्द मराठीत आहे का.

'रद्द संस्कृती' प्रथम बाजूला ठेवू. गाडी रद्द होते, सभा रद्द होते, परवाना रद्द होतो. माणूस रद्द होत नाही. मूळ अरबी शब्दाचा अर्थ परत फिरवणे, नाकारणे असा आहे, आणि 'रद्दी' हा शब्दही त्याच घरातला आहे. माणसाला 'रद्द' म्हणताना आपण त्याला कोणाच्या पंगतीत बसवतो, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. 'संस्कृती'बद्दलची माझी तक्रार तर जुनी आहे. इंग्रजीत 'कल्चर' दिसले की मराठीत 'संस्कृती' चिकटवायची, ही सवय इतकी बोकाळली आहे की आता चमच्यांचीही संस्कृती असते आणि दलालांचीही. ज्या शब्दात संस्कार आहे, त्याची ही अवस्था बघवत नाही. हा शब्द आपल्याला पॅरिसमध्ये एका मराठी मित्राकडून मिळाला, असे बंगाली भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चतर्जी यांनी सांगून ठेवले आहे. रवींद्रनाथांनी पसंत केल्यावर तो बंगालीत रुळला. शेजारच्या भाषेने इतक्या आदराने घेतलेला शब्द आपण मात्र वाटेल तिथे जोडतो. दोष दाखवायचा असेल तर मराठीत शाही, बाजी, गिरी, खोरी असे प्रत्यय हाताशी आहेत, आणि 'झुंडशाही' हा शब्द तर तयारच आहे.

'कॅन्सल'च्या मुळाशी लॅटिनमधली गजांची जाळी आहे. दस्त बाद करताना त्यावर उभ्याआडव्या रेघांची जाळी ओढत असत, म्हणून हे क्रियापद आले. रेघांखालचा मजकूर त्यानंतरही वाचता येत असे, एवढे लक्षात ठेवावे. माणसाला उद्देशून हा शब्द प्रथम आफ्रिकी-अमेरिकी बोलीत रूढ झाला, आणि तिथे त्याचा अर्थ साधा होता: अमुक कलावंताला मी यापुढे माझा वेळ आणि पैसा देणार नाही. हा एकट्याचा निर्णय होता. तो हजारोंचा एकत्रित निर्णय झाला तेव्हा त्याला 'कल्चर' हे शेपूट लागले, आणि २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी कोशाने हा जोडशब्द वर्षाचा शब्द म्हणून निवडला.

आता मर्यादेकडे येतो. मराठीत निषेध कशाचा होतो, हे पाहावे. घटनेचा होतो, वक्तव्याचा होतो, हल्ल्याचा होतो. 'नि' आणि 'सिध्' मिळून हा शब्द झाला; परतवणे, अडवणे हा त्याचा अर्थ. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी विधी आणि निषेध अशी जोडी लावली, तीही क्रियेपुरती: अमुक करावे हा विधी, अमुक करू नये हा निषेध. निषेधाचे बोट क्रियापदाकडे असते, नामाकडे नसते. म्हणून 'अमुक व्यक्तीचा जाहीर निषेध' हे वाक्य कानावर पडले की मला अस्वस्थ व्हायला होते. व्याकरणाची ही बारीकशी चूक पुढच्या मोठ्या चुकीची नांदी असते.

समाजमाध्यमांवर फिरणारा एक नेहमीचा मजकूर नमुन्यादाखल घेऊ: 'या बाईंच्या वक्तव्याचा जाहीर निषेध! अशा लोकांना धडा शिकवलाच पाहिजे. त्यांचा नंबर आणि कार्यालयाचा पत्ता खाली देत आहे, सर्वांनी फोन करून जाब विचारा.' पहिल्या वाक्याचा रोख वक्तव्यावर आहे आणि ते निर्दोष आहे. दुसऱ्यात वक्तव्य मागे पडून 'अशा लोकांना' ही जमात उभी राहते. तिसऱ्यात नंबर आणि पत्ता येतो, म्हणजे वाक्याचे कर्म शब्दांवरून थेट शरीरावर, घरावर आणि पोटावर सरकते. मर्यादा पहिल्या आणि दुसऱ्या वाक्यांच्या मधल्या जागेत ओलांडली गेली. तिसऱ्या वाक्याने तिचे परिणाम घडवून आणले.

याच मजकुरातला 'जाब' पाहा. 'जाब' म्हणजे 'जवाब'. एकाच शब्दाची ही दोन रूपे आहेत. जो जाब विचारतो, तो उत्तर मागतो, आणि उत्तर मागणाऱ्याला ऐकण्यापुरते तरी थांबावे लागते. एका माणसाला एका दुपारी दोन हजार जणांनी फोन केले, तर त्याने उत्तर कोणाला द्यावे? तिथे जाब हा शब्द उरतो आणि जवाबाची जागाच नाहीशी होते.

बहिष्काराची गोष्ट वेगळी आहे आणि तो शब्द स्वस्त करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. 'बहिस्' म्हणजे बाहेर आणि 'कार' म्हणजे करणे. 'आविष्कार' हा त्याच बांधणीचा शब्द, एक बाहेर घालवणारा आणि दुसरा प्रकट करणारा. मराठीत बहिष्कार कशा'वर' तरी टाकतात: मालावर, निवडणुकीवर, कामकाजावर. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्याबरोबर जो बहिष्कार होता, तो विदेशी मालावरचा होता. माणसांच्या बाबतीत आपण 'सामाजिक बहिष्कार' असे विशेषण जोडून म्हणतो, कारण नुसता शब्द तिथे पुरा पडत नाही. मात्र त्याच धातूचे दुसरे रूप विसरता येणार नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२४ मध्ये 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापन केली आणि १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' हे पत्र सुरू केले. एकीकडे 'बहिष्कार' हे स्वाभिमानाने उच्चारायचे नाम होते, तर दुसरीकडे 'बहिष्कृत' हे पिढ्यान्‌पिढ्या सोसलेले विशेषण. कर्तरी आणि कर्मणी रूपांमधले हे अंतर ज्याला कळले, तो हा शब्द कोणाच्याही नावापुढे सहज लावणार नाही.

आणि आता तो शब्द, ज्याच्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो: घटस्फोट.

आज घटस्फोट म्हणजे पतीपत्नींची कायदेशीर फारकत, यापलीकडे कोणाला काही आठवत नाही. पण घट फुटण्याचा आणि विवाहाचा संबंध काय, हा प्रश्न मला शाळेत असल्यापासून पडत असे. त्याचे उत्तर धर्मशास्त्रात मिळाले. ज्याला पतित ठरवले, त्या जिवंत माणसाचा अंत्यविधी त्याचे भाऊबंद करीत असत. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात याचे वर्णन आहे: निंद्य दिवशी, संध्याकाळच्या वेळी, नातलग, ऋत्विज (यज्ञ करणारे पुरोहित) आणि गुरू यांच्या समक्ष, दासीने पाण्याने भरलेला घट 'प्रेतवत्', म्हणजे तो माणूस मेला आहे असे समजून, पायाने लवंडून द्यायचा. भाऊबंदांनी एका अहोरात्राचे सुतकही पाळायचे. त्यानंतर त्याच्याशी संभाषण, त्याच्याबरोबर एका आसनावर बसणे, त्याला वारसाहक्क देणे आणि त्याच्याशी लोकव्यवहार करणे, हे सारे बंद. या विधीला घटस्फोट म्हणत. कायमच्या तोडण्याचा तो अर्थ पुढे विवाहापुरता आकसला.

संभाषण बंद, सहासन बंद, देणेघेणे बंद. आज अनफॉलो, ब्लॉक आणि कंत्राट रद्द या क्रमाने जे घडते, त्याची ही यादी शतकानुशतके आधी तयार होती. 'कॅन्सल'साठी नवा शब्द घडवणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, जिवंत माणसाला मेलेला समजून वागणे ही त्या कल्पनेची गाभ्याची गोष्ट आहे, आणि 'रद्द', 'निरसन', 'निष्कासन' या घडीव शब्दांत ती कुठेच नाही.

मात्र याच अध्यायात पुढे एक श्लोक येतो, आणि घटस्फोटाची गोष्ट सांगणारे बहुतेक जण तो गाळतात. पतिताने प्रायश्चित्त घेतले, तर त्याच भाऊबंदांनी त्याच्यासह पवित्र जलाशयात स्नान करावे आणि पाण्याने भरलेला नवा घट त्या पाण्यात टाकावा. ज्यांनी बाहेर काढले, त्यांनीच त्याच्याबरोबर पाण्यात उतरायचे. या व्यवस्थेचे गोडवे मी गात नाही. जन्मानेच बाहेर ठेवलेल्यांसाठी तिने कोणताही नवा घट ठेवला नव्हता, आणि 'बहिष्कृत' हा शब्द त्याचीच साक्ष देतो. तरीही इतक्या कठोर व्यवस्थेलाही परतीच्या विधीची गरज वाटली, आणि आजच्या ऑनलाइन झुंडीला ती वाटत नाही, हे मला फार गंभीर वाटते. अकरा वर्षांपूर्वीचे वाक्य आज उकरून काढले जाते, लिहिणाऱ्याने मधल्या काळात जाहीर माफी मागितलेली असली तरी ती कोणी शोधत नाही, आणि शोधली तर 'माफी मनापासून नाही' असा दुसरा खटला उभा राहतो.

माझा दुसरा आवडता धागा ग्रीसमधला आहे. इंग्रजीत वाळीत टाकण्याला जो 'ऑस्ट्रसाइझ' शब्द आहे, तो ग्रीक 'ऑस्ट्राकॉन'वरून आला. काही जुन्या पुस्तकांत अथेन्सचे नागरिक शिंपल्यांवर नावे लिहीत असे छापले आहे आणि ते अजूनही उतरवले जाते. ते चूक आहे. ऑस्ट्राकॉन म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा, शुद्ध मराठीत खापर. संस्कृत 'कर्पर', प्राकृत 'खप्पर', मराठी 'खापर'. आपण एखाद्याच्या डोक्यावर दोषाचे खापर फोडतो. अथेन्सकर ज्याला शहरातून हद्दपार करायचे, त्याचे नाव खापरावर कोरून मत देत. तिकडे खापर, इकडे घट: माणसाला बाहेर घालवताना दोन्ही समाजांच्या हाती मातीचे फुटके भांडे यावे, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. फुटलेले मडके सांधता येत नाही, हे कुंभाराचे चाक माहीत असलेल्या प्रत्येक समाजाने पाहिले होते, आणि तुटलेल्या नात्यासाठी त्याहून सोपी खूण नव्हती, असे माझे मत आहे. विद्वान याला पुरावा मागतील. माझ्याकडे फक्त दोन भाषांतले हे दोन शब्द आहेत, आणि मला ते पुरेसे बोलके वाटतात.

अथेन्सची शिस्त मात्र पाहण्यासारखी होती. आधी सभेने या वर्षी असे मतदान घ्यावे की नाही हे ठरवायचे, मतदान नंतर. किमान ६,००० खापरे पडलीच पाहिजेत. हद्दपारी दहा वर्षांची, मालमत्ता शाबूत, मुदत संपली की माणूस परत येऊन पूर्वीसारखा नागरिक. आणि त्या काळीही लबाडी होतीच. अक्रॉपोलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लिस याचे नाव कोरलेली सुमारे १९० खापरे सापडली, आणि अक्षर तपासल्यावर ती जेमतेम १४ हातांची निघाली. कोणीतरी आधीच कोरून वाटण्यासाठी ती तयार ठेवली होती. एकाच मजकुराच्या हजारो प्रती वेगवेगळ्या खात्यांवरून प्रसृत होताना पाहिल्या की मला ती विहीर आठवते.

'बॉयकॉट' हा शब्द आयर्लंडमधल्या एका जमीनदाराच्या कारभाऱ्याचे आडनाव आहे. १८८० मध्ये मेयो परगण्यातील कुळांनी कॅप्टन बॉयकॉटशी सर्व व्यवहार तोडले. त्याचे सुमारे ५०० पौंडांचे पीक काढण्यासाठी बाहेरून ५० मजूर आणि त्यांच्या रक्षणाला सैन्य आणावे लागले, आणि खर्च १०,००० पौंडांच्या घरात गेला. त्याच वर्षी एनिस येथील सभेत आयरिश पुढारी पार्नेलने हा मार्ग सुचवला होता: बेदखल केलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला जुन्या काळच्या महारोग्यासारखे एकटे पाडा. पण मारण्यापेक्षा हा मार्ग अधिक दयेचा आहे, कारण चुकलेल्याला यात पश्चात्तापाची संधी मिळते, हेही त्याने त्याच भाषणात सांगितले होते. पहिले वाक्य जगभर गेले आणि दुसरे मागे राहिले.

काही भाष्यकार म्हणतात की समाजमाध्यमांवर कोणी कोणाला गावाबाहेर काढत नाही, म्हणून 'वाळीत टाकणे' ही अतिशयोक्ती आहे. ज्याची नोकरी गेली, ज्याच्या मुलांना धमक्या आल्या, ज्याच्या मित्रांना 'तुम्ही अजून त्याच्याशी कसे बोलता' असे विचारले गेले, त्याला हे सांगून पाहावे. वाळीत टाकण्याची खरी ओळख तीच आहे: दोषी ठरलेल्याबरोबर त्याच्याशी बोलणाऱ्यालाही शिक्षा होते. पण याच्या उलट टोकाचा गैरवापरही मला तितकाच खटकतो. एखाद्या प्रबळ माणसाच्या विधानावर चार जणांनी सडकून टीका केली की तो 'मला वाळीत टाकले' म्हणून व्यासपीठावरूनच सांगतो. ज्याच्या हातात ध्वनिक्षेपक आहे, तो वाळीत नाही. २०१७ मध्ये 'मी टू' म्हणत असंख्य स्त्रियांनी लैंगिक छळाचे आपले अनुभव मांडले, तेव्हा त्यांनी जाब विचारला होता, आणि ज्यांना विचारला होता त्यांच्याकडे उत्तर द्यायला वकील, पैसा आणि वेळ तिन्ही होते. त्या आवाजाला 'कॅन्सल कल्चर' म्हणून उडवून लावणे हा भाषेचा दुरुपयोग आहे.

तेव्हा भाषांतरकार वाचकांना माझे उत्तर असे की, पंधरा ठिकाणी एकच नाम ठेवण्याचा हट्ट सोडावा. इंग्रजीला नाम प्रिय आहे आणि नामात कर्ता लपतो; मराठी क्रियापद कर्त्याला, कर्माला आणि काळाला वाक्यात हजर करते. टीका झाली असेल तिथे 'टीका केली' लिहावे. पुस्तके विकत घ्यायची नाहीत असे वाचकांनी ठरवले असेल तिथे 'पुस्तकांवर बहिष्कार टाकला' लिहावे. लेखिकेला कामावरून काढायला लावले, तिच्या प्रकाशकाला धमकावले, तिच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही झोडपले, तिथे 'वाळीत टाकले' लिहावे, आणि कोणी टाकले तेही लिहावे. मूळ लेखात कर्ता सापडला नाही, तर समासात तशी खूण करून लेखकाला विचारावे. नाम अडूनच बसले, तर 'बहिष्कारशाही' चालेल. संस्कृती मात्र त्यातून वगळावी.